अख्खा लसूण ओटीजीत भाजला, माझा अनुभव (इंदूरहून)

आमच्याकडे सासूबाई चातुर्मास कडक पाळतात, त्यामुळे आषाढातल्या कांदेनवमीला भरीत, भजी, लसणाची चटणी असं सगळं एकदाच दणक्यात होतं, आणि यावर्षी मी ठरवलं की भरतात लसूण कच्चा ठेचून न घालता अख्खे गड्डे भाजून घालायचे. यात नवीन काही नाही खरं तर, माझी आई भरताच्या वांग्याला चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या खुपसायची आणि मगच वांगं गॅसवर ठेवायची, आणि मामांच्या शेतावर गोवऱ्यांवर बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) भाजून झाले की उरलेल्या गरम राखेत लसूण पुरून ठेवायचे. आता फ्लॅटमधे गोवऱ्या कुठून आणणार, म्हणून ओटीजी, म्हणजे आपला घरगुती विजेचा छोटा ओव्हन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लसूण कुठला घेताय. आपण माळव्यात राहतो, मंदसौर-नीमचचा लसूण देशभर जातो, रतलाम जिल्ह्यातल्या रियावनच्या लसणाला तर 2024 मधे जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय, त्यामुळे इंदूरच्या चोइथराम मंडीत गेलात की निवडायला भरपूर मिळतो. फक्त फेब्रुवारी-मार्चमधला नवा लसूण यासाठी घेऊ नका, त्याचं साल जाड आणि ओलसर असतं, तो भाजण्यापेक्षा वाफवला जातो जास्त. आषाढापर्यंत तोच लसूण मस्त वाळलेला असतो, साल कागदासारखं कुरकुरतं. गड्डा हातात दाबून बघायचा, घट्ट लागला पाहिजे, पोकळ नको आणि वरून हिरवा कोंब तर अजिबात नको कारण कोंब कडवट लागतो. ऊटीचा लसूण मोठ्या पाकळ्यांचा असतो, सोलायला सोपा, पण मला वासाला आपला देशीच आवडतो, त्यातल्या त्यात मोठ्या पाकळ्यांचे गड्डे निवडून घेतले कारण बारीक पाकळ्या आतून सुकून चिवट होतात.

करायचं काय तर वरची सुटी सालं चोळून काढायची, पूर्ण सोलायचं नाही, मग शेंड्याकडून साधारण अर्धा सेंटीमीटर कापायचं म्हणजे सगळ्या पाकळ्यांची तोंडं उघडी दिसतात, त्यावर चमचाभर तेल (मी शेंगदाण्याचं घेतलं) आणि चिमूटभर मीठ, तेल पाकळ्यांच्या फटीत उतरू द्यायचं आणि फॉइलमधे घट्ट गुंडाळायचं. बऱ्याच ठिकाणी 200 डिग्री सांगतात पण आमचा ओटीजी छोटा आहे, रॉड अगदी जवळ येतात, म्हणून मी 180 ठेवलं आणि जाळी खालच्या खाचेत. पहिली दहा-पंधरा मिनिटं घरभर कच्च्या लसणाचा झणझणीत वास, मग तो हळूहळू बसतो आणि अर्ध्या तासानंतर गोडसर, खमंग काहीतरी यायला लागतं. सासूबाई देवघरातून उठून आल्या, म्हणाल्या, "अगं, हा लसणाचाच वास आहे का?" 40 मिनिटांनी फॉइल उघडून सुरीचं टोक मधल्या पाकळीत घालून बघितलं, कडेच्या मऊ पण मधली अजून घट्ट, मग परत गुंडाळून पंधरा मिनिटं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा पाकळ्या बदामी झालेल्या, कापलेल्या तोंडाशी तेल बारीक बुडबुडतंय, आणि गड्डा जरा गार झाल्यावर बुडाकडून दाबला तर आतला गर अख्खाच्या अख्खा बाहेर सरकला, सालं हातात राहिली. चव बघितली तर तिखटपणा नावाला नाही!

याचं कारण मला फार आवडलं. लसणाचा तिखटपणा, म्हणजे अ‍ॅलिसिन, अख्ख्या पाकळीत तयार नसतोच, आपण चिरलं किंवा ठेचलं की आतलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि तेव्हा तो तयार होतो. अख्खाच तापवला की ते एन्झाइम आधीच निकामी होतं, आणि तेवढ्यात मंद आचेवर लसणातली साखर मोकळी होऊन गर बदामी होत जातो. म्हणून घाई करून आच वाढवायची नाही, वरून करपला की कडूच होतो, मग काही इलाज नाही.

भरतात दोन गड्ड्यांचा गर कालवला आणि फोडणीत मात्र दोन-तीन पाकळ्या कच्च्या ठेचून घातल्या, कारण नुसता भाजलेला लसूण भरताला मिळमिळीत करतो असं माझं स्पष्ट मत आहे. लाल तिखटाच्या लसणाच्या चटणीत तर हा घालूच नका, तिथे कच्चाच पाहिजे. पण बाफल्यांबरोबरच्या डाळीत, घट्ट दह्यात मीठ-जिऱ्याबरोबर, लोण्यात कालवून टोस्टवर, सेव-टमाटरच्या भाजीत, काय सुंदर लागतो! ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत सालासकट सुट्या पाकळ्या झाकण ठेवून अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं हलवत ठेवा, इतका लोण्यासारखा नाही होत पण डाळीला छान चालतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याला लोणच्याची सवय, तेलात बुडवलं की टिकतं असं वाटतं, पण भाजलेला लसूण तेलात घालून ओट्यावर बाहेर ठेवू नका. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, इथे दोन्ही नसल्यासारखंच, आणि तेलाखाली हवा नसल्यामुळे बोट्युलिझमचे (जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, वासाने-चवीने कळतही नाही. 1985 मधे कॅनडात व्हँकूवरला असाच तेलातला लसूण खाऊन बरेच लोक आजारी पडले होते. मी फ्रिजमधे तीन-चार दिवसच ठेवते आणि जास्तीचा गर बर्फाच्या ट्रेमधे चमचा-चमचा घालून फ्रीझरला, घट्ट झाला की डब्यात काढून झाकण पक्कं लावायचं, नाहीतर शेजारच्या आइस्क्रीमला वास लागतो.