हरिहरेश्वरची प्रदक्षिणा : आधी तिथी बघा, मग निघा

हरिहरेश्वरला देवळामागून समुद्राच्या कडेने जाणारी प्रदक्षिणा करायची असेल, तर मुक्कामाच्या जागी मिळालेल्या सल्ल्यावर विसंबू नका. आम्हाला सांगण्यात आलं, "कधीही जा हो, अर्ध्या तासाचं काम आहे, म्हातारी माणसंसुद्धा करतात." भरती-ओहोटीचा शब्दही कोणी काढला नाही. ज्या वाटेवर एका बाजूला कातळकडा आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आहे, तिथे लहान मुलांच्या आईबापांना असं सांगणं मला अक्षम्य वाटतं.

त्या दिवशी चतुर्थी होती. रीतीप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असं दर्शन घेऊन निघेपर्यंत अकरा वाजून गेले. मागच्या पायऱ्या चढून गेलं की वाट दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून थेट पाण्याकडे उतरते. पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी इथेच विचार करावा. खाली कातळावर पोचलो तर कालवं काढणाऱ्या एक मावशी टोपली घेऊन परत येत होत्या. माझ्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "भरती लागलीय, पोरांना घेऊन पुढं जाऊ नका." पुढच्या वळणावर लाट कातळावर चढून कड्याच्या पायथ्याशी फुटताना दिसत होती. आम्ही तिथूनच वळलो. सासूबाईंना त्याच पायऱ्या भर उन्हात परत चढवताना माझा जो संताप झाला, तो हे लिहितानाही उतरलेला नाही.

भरतीचा हिशेब मावशींनीच सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आतबाहेर येते आणि उधाणही मोठं असतं, म्हणजे बहुतेक पर्यटक निघतात त्याच वेळी वाट सर्वांत धोक्याची. त्या दिवसांत भर दुपारी जाऊच नका. अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी मिळते, पण भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस, असल्याने पाणी फार मागे हटत नाही, कडेला जाऊ नका. हिशेब अंदाजाचा आहे, तेव्हा भरतीचं वेळापत्रकही बघा आणि देवळाजवळच्या स्थानिकांना विचारा. ओहोटीच्या तासभर आधी उतरायला लागा. अर्ध्या वाटेवर पाणी वाढलं तर कड्यावर चढून जायला जागा नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला उतरलो आणि काय सांगू! कालच्या लाटांच्या जागी कोरडा कातळ, खळग्यांत अडकलेल्या पाण्यात खेकडे, आणि कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. खारं पाणी दगडात मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणाने पोखरतात. त्यातून झालेली ही नक्षी आहे. मुलं हलायला तयार नव्हती. मुलांसोबत दीड तास धरा, अर्धा तास विसरा.

अनवाणी प्रदक्षिणेचा आग्रह असेल तर कालवांच्या शिंपल्यांनी तळवे कापतील याची तयारी ठेवा. आमच्या आत्याला तीन दिवस लंगडावं लागलं. मागे पट्टा असलेल्या सँडल उत्तम, साध्या रबरी चपला शेवाळावर हमखास घसरतात. हिरवट दिसणाऱ्या दगडावर पाय देऊ नका, समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये हे माझं स्पष्ट मत. पावसाळ्यात तर कोणीच नाही.

श्रीवर्धन, दिवेआगर नेहमीप्रमाणे छान झालं. बाणकोट किंवा वेळासला जायचं असेल तर बागमांडल्याहून वेसवीला गाड्या नेणारी फेरीबोट आहे, मोठा वळसा वाचतो.