घरामागचं कोर्ट, हातात नाणं आणि खडू

मागच्या महिन्यात एका सकाळी मी आमच्या पिकलबॉल कोर्टवर (टेनिससारखाच, पण छोट्या कोर्टवर कडक बॅट आणि भोकांच्या प्लास्टिकच्या बॉलने खेळतात तो खेळ) हातात नाणं घेऊन ओणवी फिरत होते. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, काय हरवलं गं? म्हटलं हरवलं नाही काकू, डबकी मोजतेय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आमच्या घराची त्यांना आता सवय झालीये.

झालं असं की कोर्टला सहा वर्षं झाली, रंग जागोजागी उडालेला, पोपडे निघत होते, खेळताना बुटाला रंगाचे तुकडे चिकटून यायचे. दादा म्हणाला दोन दिवस सुट्टी टाकतो, घासून नवीन रंग मारून टाकू. मी पण हो म्हटलं, कारण रिसरफेसिंग, म्हणजे कोर्टचा वरचा थर नव्याने करणं, हे फक्त रंगकाम एवढीच माझी समजूत होती. मग कोर्टची कोटिंगं करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना सहज फोन केला की रंग किती लागेल, तर ते म्हणाले रंगाचं नंतर बघू, आधी कोर्टवर पाणी सोडा. पाईप लावून अख्खं कोर्ट भिजवा, तासभर उन्हात तसंच राहू दे, मग जिथे पाणी राहिलं असेल तिथे नाणं आडवं ठेवा, नाणं बुडलं तर तो खड्डा भरायचा, नाही बुडलं तर विसरून जायचं. साधारण दीड-दोन मिलिमीटरचा हिशोब आहे हा. साधी गोष्ट पण काय जबरदस्त, सहा वर्षांत आम्हाला कोर्टबद्दल जे कळलं नव्हतं ते एका तासात कळलं.

सात डबकी निघाली. प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला, म्हणजे पाणी वाळल्यावरही कळेल. सगळ्यात मोठं बरोबर किचनमधे, म्हणजे नेटच्या पुढे जो ७ फुटांचा पट्टा असतो जिथे उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच बॉल, मारता येत नाही तिथे. म्हणजे दादा इतकी वर्षं जो ‘इथे बॉल उसळतच नाही’ म्हणून ओरडायचा ते खरंच होतं, मी उगाच त्याच्या गुडघ्यांना नावं ठेवत होते.

आता मागचा घोळ सांगते, कारण तो तिथूनच सुरू झालाय.

कोर्ट बांधायचं ठरलं तेव्हा दादाने इंटरनेटवर माप बघितलं, २० फूट बाय ४४ फूट, आणि तेवढीच फक्की मारून मोकळा झाला. म्हणाला मस्त बसतंय. मग मी बेसलाईनवर, म्हणजे अगदी मागच्या रेषेवर, जाऊन उभी राहिले आणि रॅकेट मागे नेली तर कोपर झुडपात. अहो २० बाय ४४ हे फक्त आतल्या रेषांचं माप आहे, दुहेरी बॅडमिंटनच्या कोर्टएवढंच, खेळणारा माणूस तर त्याच्या बाहेर उभा असतो! बाहेरची मोकळी जागा धरून कमीत कमी ३० बाय ६० लागतं आणि जागा असेल तर ३४ बाय ६४ करावं असं सांगतात. आम्ही झुडपं काढून ३० बाय ६० केलं. दिशा मात्र चुकली ती चुकलीच, कोर्टची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यात जात नाही, आमच्या जागेत ते बसेना म्हणून पूर्व-पश्चिम झालं. संध्याकाळी टॉस जिंकणारा डोळे झाकून पश्चिमेची बाजू घेतो. समोरचा बिचारा हात कपाळाला लावून सर्व्हिस रिसीव्ह करतो.

तसं बघायला गेलं तर हा खेळच घरच्या अंगणात जन्मलाय. १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी जुनं बॅडमिंटनचं कोर्ट होतं, त्यावर हातात येईल ते सामान घेऊन खेळायला सुरुवात झाली, नेट आधी बॅडमिंटनसारखं ६० इंचांवर होतं ते मग ३६ इंचांवर आणलं. आणि १९६७ मधे पहिलं कायमचं पिकलबॉल कोर्ट झालं ते पण प्रिचर्ड यांच्या शेजाऱ्याच्या, बॉब ओब्रायन यांच्या परसातच. त्यामुळे घरी कोर्ट कशाला असं कोणी म्हणालं की मी हे ऐकवते. (आईने ऐकून घेतलं होतं पण पटलं नव्हतं.)

तर स्लॅब. ३० बाय ६० म्हणजे १८०० चौरस फूट, ४ इंच जाडी धरली तर ६०० घनफूट म्हणजे जवळपास १७ घनमीटर काँक्रीट, वजन साधारण ४० टन. एकदा ओतलं की ओतलं, हे काही सोफा सरकवण्यासारखं नाही. म्हणून खालची माती कुटून, खडीचा थर दाबून, सळयांची जाळी टाकून मगच ओतायचं. ते सगळं आमच्या मिस्त्रींनी नीट केलं. ढाळ पण त्यांना समजावून सांगितला की गच्चीला देता तसा चारी बाजूंनी पाणी जायच्या जाळीकडे नको, पूर्ण कोर्ट एकाच सपाट फळीसारखं एका लांब बाजूकडे कललेलं हवं, दर १० फुटाला १ इंच, म्हणजे ३० फूट रुंदीत ३ इंच. खेळताना पायाला कळतही नाही. नेटशी उंच आणि दोन्हीकडे उतार असं तर अजिबात करायचं नाही, तसं केलं की नेटची उंची इकडून वेगळी तिकडून वेगळी वाटते. त्यांनी लेव्हल ट्यूब धरून दोऱ्या बांधून बरोबर केलं. पाणी कुठे जाणार याचा पण विचार केला होता, कारण एवढ्या जागेवर १ इंच पाऊस पडला की ४२०० लिटरच्या वर पाणी होतं आणि ते काकूंच्या भिंतीकडे गेलं असतं तर त्या भिंतीवरून वेगळंच काहीतरी विचारत आल्या असत्या. खालच्या बाजूला लांबच लांब चर काढून खडी भरली, पाणी तिथे मुरतं.

मग चुकलं कुठे? चुकलं ते कौतुकात. मिस्त्रींनी शेवटी इतक्या प्रेमाने घोटून घोटून तो पृष्ठभाग गुळगुळीत केला की चेहरा दिसेल. आम्ही सगळे वा वा करत बघत होतो. आणि कोर्टसाठी नेमकं तेच नको असतं! रंगाला धरायला खरखरीत पाहिजे, ओल्या काँक्रीटवर शेवटी झाडू फिरवून बारीक रेघा उठवतात तसं. वरून क्युरिंगचं (काँक्रीट ओलं राहून पक्कं व्हावं म्हणून) केमिकल पण फवारलं होतं, त्याचा पातळ पापुद्रा बसतो, त्यावर कोर्टचा ॲक्रिलिक रंग धरत नाही. पाणी मारून मारूनच क्युरिंग करायला हवं होतं. त्यात आम्हाला घाई. काँक्रीटला रंगाआधी निदान २८ दिवस द्यायचे असतात, आम्ही पाहुणे यायचेत म्हणून नवव्या दिवशी रंग मारला. आणि तोही कोर्टचा नाही, साधा फ्लोअर पेंट, कारण डब्यावर ‘फ्लोअर’ लिहिलं होतं. स्लॅबच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरायला हवा होता तो पण नाही, त्यामुळे जमिनीतली ओल वर येते आणि रंगाला आतून ढकलते. फोड, मग पोपडा. मिस्त्रींना दोष देऊन उपयोग नाही, त्यांनी आयुष्यभर घराच्या फरशा केल्या आणि तिथे गुळगुळीत म्हणजेच चांगलं. सांगायचं काम आमचं होतं, आम्हाला माहीतच नव्हतं.

ओल किती आहे ते बघायची युक्ती मस्त आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून उघड्या काँक्रीटवर रात्रभर चिकटवायचं, सकाळी आतून घाम आलेला दिसला तर खालून ओल येतेय. आमच्या इथे चार ठिकाणी लावलं, एकाच कोपऱ्यात घाम आला, तिथे बागेच्या नळाचा पाईप गळत होता. म्हणजे सहा वर्षं नळ गळतोय आणि आम्ही रंगाला शिव्या देतोय.

मग काम सुरू केलं आणि दादाच्या दोन दिवसांच्या सुट्टीचे झाले तीन आठवडे.

जुना रंग आणि तो आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग दोन्ही ग्राइंडर लावून खरवडले. ही सगळ्यात घाणेरडी पायरी, मास्क चांगला घाला, काँक्रीटची धूळ छातीला वाईट. त्यानंतर प्रेशर वॉश. झालं का नीट ते बघायला परत पाणी शिंपडायचं, थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर अजून पापुद्रा आहे, काँक्रीट पाणी पिऊन गडद झालं तर ठीक.

भेगा तीन होत्या. काँक्रीटला भेग जाणारच, म्हणून आधीच ठरवून कटरने सांधे पाडतात म्हणजे तडा तिथेच जातो, आणि त्यातला एक बरोबर नेटच्या खाली घेतात, तिथे कोणाचा पाय पडत नाही. आमच्या दोन भेगा केसासारख्या होत्या, भरल्या, विषय संपला. तिसरी झाडाच्या बाजूने आत आलेली आणि तिची एक कड वर उचललेली, म्हणजे मूळ. ते मूळ बाहेरच्या बाजूने खणून कापलं, पत्रा उभा गाडला, भेग रुंद करून साफ करून फिलर भरला आणि वरून जाळीदार कापडाची पट्टी बसवली. ही परत दिसणार हे मला माहितीये. जिथे जमीनच हलते तिथली भेग फिलरने झाकते, जात नाही, आणि कोणी ‘गॅरंटीने कायमची बुजवतो’ म्हणालं तर मी तरी त्याला काम देणार नाही.

डबकी भरायला ॲक्रिलिक बाईंडर, वाळू, सिमेंट असं मिश्रण, आणि लांब सरळ फळी ओढून कडा शून्यावर आणायच्या. इथे घाई केली की खड्ड्याच्या जागी उंचवटा होतो. मग दोन हात रिसरफेसरचे (रंगाच्या खालचा थर) आणि दोन रंगाचे. हे ब्रशने नाही, रुंद रबरी वायपरने ओढतात, एकाने ओतायचं, एकाने ओढायचं, आणि तिसऱ्याने फक्त ढवळत बसायचं. हो, फक्त ढवळायचं! त्या रंगात बारीक वाळू असते, तीच बुटाला पकड देते, आणि ती तळाशी बसते. पहिल्या दिवशी ढवळायचं काम भाच्याला दिलं, तो मोबाईलमधे, परिणाम असा की सुरुवातीचा भाग गुळगुळीत आणि शेवटचा पॉलिशपेपर. गुळगुळीत जागी माणूस घसरतो आणि पॉलिशपेपरवर बॉल आणि बूट झिजतात. परत एक हात मारावा लागला.

हवामान पण बघायला लागतं, तापमान १० अंशाच्या वर, पाऊस नको, दव नको, आणि भर दुपारचं ऊन पण नको, कारण रंग ओढता ओढताच सुकतो आणि वायपरच्या रेघा कायमच्या राहतात. एकदा सुरू केलेला हात मधे थांबवायचा नाही, ओल्या कडेला ओलं मिळालं पाहिजे. फोन वाजला तर वाजू दे.

रेषा. मला वाटलं हे सोपं. रेषा २ इंच रुंद, आणि मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायची. किचनचे ७ फूट रेषेसकट असतात कारण ती रेषा किचनचाच भाग आहे. मी रंगाचा चिकट टेप रेषेच्या उलट्या बाजूला लावला आणि किचन ७ फूट २ इंच झालं, नशीब रंग मारायच्या आधी दादाने परत मोजलं. गुण्या तपासायला कर्ण मोजा, कोपऱ्यापासून कोपरा ४८ फूट ४ इंच, दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. टेपच्या कडेवर आधी प्रायमर फिरवला की पांढरा रंग खाली झिरपत नाही. नेट बाजूला ३६ इंच आणि मध्यभागी ३४, खांब २२ फुटांवर. आम्ही हलवता येणारं नेट ठेवलंय, खांबांचे खड्डे स्लॅबच्या आधीच घ्यायचे असतात ते तेव्हा कोणाला सुचलंच नाही.

आवाजाचं सांगते आणि थांबते. कडक बॅट आणि भोकांचा प्लास्टिकचा बॉल, तो टॉक-टॉक आवाज टेनिसपेक्षा तीक्ष्ण असतो आणि सलग येतो म्हणून जास्त टोचतो. झाडं लावून फार फरक पडत नाही, आवाज अडवायला जड, भोकं नसलेली भिंत लागते आणि ती इतकी उंच की शेजाऱ्याच्या खिडकीतून बॅट दिसता कामा नये. आमची भिंत तेवढी उंच नाही. म्हणून दुपारी खेळायचं नाही आणि सकाळी आठच्या आधी नाही असं काकूंशी बोलून ठरवलंय. हे बोलणं खरं तर बांधायच्या आधी करायचं, आणि परवानगी वगैरे लागते का ते पण.

खड्डे भरून झाल्यावर, रंगाच्या आधी, परत एकदा पाणी सोडलं होतं. सातातली सहा गेली. किचनमधलं मोठं खूप लहान झालं पण आहे, नाणं ठेवलं तर वरची कड कोरडी राहते. दादा म्हणाला नियमाप्रमाणे पास. मी म्हटलं ठीक आहे, पण ते कुठे आहे ते मला माहितीये, आणि दादाची सर्व्हिस रिटर्न झाली की माझा पहिला ड्रॉप शॉट, म्हणजे नेटजवळ हळूच टाकलेला बॉल, आता तिथेच पडतो.