मीटर वाजला, पण हवा कमी नव्हती

मीटर वाजला की लोक एकच अर्थ काढतात, आत हवा कमी आहे. त्या दुपारी टाकीच्या मॅनहोलपाशी माझा ऑक्सिजन मोजायचा मीटर वाजला, तेव्हा कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने स्क्रीनवर नजर टाकली आणि निवांतपणे म्हणाला, "साहेब, २४.८ आहे. कमी कुठाय, जास्तच आहे की! कोविडात ह्याच्यासाठी लोक रांगा लावत होते."

मी नवी मुंबईत, रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मे महिन्याचं शटडाऊन होतं. पाण्याची जुनी पोलादी टाकी, साधारण वीस घनमीटरची. तिच्या आतले गंजलेले सपोर्ट गॅस कटरने कापून काढायचे होते. पाण्याची टाकी म्हणून सगळे निर्धास्त. सकाळी आत उतरायच्या परमिटवर मीच सही केली: ऑक्सिजन २०.९ टक्के, एलईएल म्हणजे जळाऊ वाफेचा आकडा शून्य, ब्लोअर म्हणजे हवेचा पंखा चालू. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, असा नियम आहे. दुसऱ्या प्लांटच्या परमिटमध्ये मी अडकलो, दहा मिनिटं उशिरा पोचलो, तेवढ्यात हेल्पर उतरलासुद्धा. मॅनहोलवर पहारा द्यायला ठेवलेल्या माणसाने रजिस्टरात 'गॅस टेस्ट ओके' लिहूनही टाकलं होतं.

मीटरची नळी खाली सोडत गेलो तसा आकडा चढत गेला. तळाशी २६.१. वाकून पाहिलं तर तो हेल्पर पोरगा कटिंग टॉर्चची ऑक्सिजनची चावी उघडून नोझल छातीवर धरून बसलेला. शर्टाची दोन बटणं काढलेली. दुसऱ्या हातात टॉर्च पेटवायचा चकमकीचा लायटर, कारण वारा घेऊन झाला की लगेच कटिंग सुरू करायचं होतं.

"चावी बंद कर! लायटर टाकू नकोस, हळूच खाली ठेव," मी ओरडलो. मान वर केली तर मॅनहोलपासून सहा-सात फुटांवर पाइपच्या सपोर्टवर ग्राइंडर चालू, ठिणग्यांचा झोत उडतोय. आधी तो बंद करवला. मग सिलिंडर बंद केला, मग पोराला वर घेतलं. ब्लोअर बंद होता. बोर्डात जागा नव्हती म्हणून त्याचाच प्लग काढून ग्राइंडरला दिला होता. याचा संताप मला अजून येतो. जादा बोर्ड स्टोअरमधून पाच मिनिटांत आला असता.

पोरगा वर आला आणि सवयीने थेट वेल्डरांच्या घोळक्याकडे निघाला. त्याला हाताला धरून लांब मोकळ्यावर नेलं, शर्ट काढून झटकायला लावला. ऑक्सिजन कपड्यांत आणि केसांत अडकून राहतो. अशा जागेतून वर आलेल्या माणसाला निदान पंधरा मिनिटं ठिणगीपासून दूर, उघड्या हवेत ठेवावं लागतं. ब्लोअर लावल्यावर टाकी पुन्हा २०.९ वर यायला पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात सुपरवायझरला समजावत होतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळायला मदत करतो, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. मदत म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. हवेत जेमतेम पाचवा हिस्सा ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. तो जळण्यात भाग घेत नाही, नुसता ज्योतीची उष्णता शोषत राहतो. आपल्या रोजच्या आगी आटोक्यात राहतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्या जागी चार-पाच टक्के जादा ऑक्सिजन आला की बारीक ठिणगीही पुरते, ज्योत जास्त तापते आणि एरवी धुमसणारं कापड भडकतं. एलईएल तेव्हाही शून्यच दाखवत होता, कारण तो जळाऊ वाफ मोजतो. इथे जळण म्हणजे पोराचा घामेजलेला टेरिकॉटचा शर्ट आणि हाताला लागलेलं ग्रीस.

डिप्लोमाला आम्हाला अमेरिकेच्या अपोलो १ यानाची आग शिकवली होती. २७ जानेवारी १९६७, जमिनीवरचीच चाचणी, केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन. आग लागली आणि तिन्ही अंतराळवीर गेले. रॉकेटमध्ये इंधन भरलेलं नव्हतं म्हणून ती चाचणी धोक्याची धरलीच नव्हती. आमची पाण्याची टाकी तशीच.

संध्याकाळी हिशोब मांडला. वीस घनमीटरच्या टाकीत २०.९ चे २४.८ व्हायला साधारण एक घनमीटर ऑक्सिजन लागतो. सिलिंडरमध्ये सात असतो.

पण मला झोप लागली नाही ती पोराच्या उत्तरामुळे. जालन्याकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. "का सोडलास रे?" विचारलं, तर थरथरत म्हणाला, "सर, सकाळी तुम्हीच म्हणलात ना, आत ऑक्सिजन कमी झाला की माणूस न कळता जातो. पंखा बंद पडला, जीव घाबरा झाला, म्हणून नळी सोडली."

म्हणालो होतो. दहा वर्षं टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधी कामगारांना सूचना देताना, मी तेच सांगत आलोय, ऑक्सिजन १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. वरचा अलार्म २३.५ ला वाजतो हे मला माहीत, पण त्याबद्दल त्यांच्यापुढे मी कधी चकार शब्द काढला नाही. परमिटवरही 'ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा जास्त: होय / नाही' एवढंच छापलेलं आहे. २६.१ लिहून 'होय' वर खूण केली असती तरी कागद नियमात बसला असता. हा फॉर्म मी शेकडो वेळा भरलाय.

रिपोर्टात कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. ब्लोअरच्या प्लगचा उल्लेख नाही. पोराचा गेटपास दुसऱ्याच दिवशी रद्द झाला. मी वेगळं पत्र दिलंय, प्लगबद्दल, फॉर्मबद्दल आणि माझ्या टॉकबद्दलही. उत्तर आलेलं नाही. नवा फॉर्म येईपर्यंत मी प्रत्येक परमिटवर पेनाने लिहितो, '१९.५ ते २३.५'.

पोराला दोनदा फोन केला, लागला नाही. गुदमरल्यासारखं वाटल्यावर तो घाबरला ते बरोबरच होतं, फक्त त्याने शिडी धरून वर यायला हवं होतं, एवढं त्याला सांगायचं राहिलंय.