पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन: १८६३च्या नकाशामागे दोन दिवस

सगळ्यांत आधी हे वाचा. लंडनच्या एखाद्या आठवडी बाजारात कुणी '१८६३चा अस्सल' म्हणून भुयारी रेल्वेचा नकाशा पुढे केला, तर पैसे काढण्याआधी त्यावरची स्थानकांची नावं बघा. मी बघितली नाहीत आणि ४५ पौंड मोजून आले. रात्री हॅरोला दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, बेकर स्ट्रीटवरून बोट उजवीकडे सरकवलं आणि तिथे 'ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट' दिसलं. १८६३ साली या नावाचं स्थानक नव्हतंच. ते होतं पोर्टलंड रोड, नाव बदललं १९१७ साली. पुढचं स्थानक 'युस्टन स्क्वेअर'. तेही १९०९पर्यंत गॉवर स्ट्रीट होतं. दादाने भिंग आणलं. रेघांच्या जागी सगळीकडे छपाईचे बारीक ठिपके, आणि घड्यांच्या पिवळट खुणासुद्धा छापलेल्याच, बोट फिरवलं तर सपाट. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग पैशांचा होता, पण त्याहून जास्त याचा, की हे मला माहीत होतं.

तेव्हा ही सात नावं वहीत लिहूनच निघा: बिशप्स रोड (म्हणजे पॅडिंग्टन), एजवेअर रोड, बेकर स्ट्रीट, पोर्टलंड रोड, गॉवर स्ट्रीट, किंग्ज क्रॉस, फॅरिंग्डन स्ट्रीट. मेट्रोपॉलिटन रेल्वे, जगातली पहिली भुयारी रेल्वे, सुमारे ६ किलोमीटर. लोकांसाठी खुली झाली १० जानेवारी १८६३ रोजी, आणि पहिल्याच दिवशी ३८ हजारांच्या आसपास लोक बसले. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटून तेव्हा दहा वर्षंही पुरी झाली नव्हती. दुसरी खूण: नकाशात शहराभोवती पूर्ण वर्तुळ दिसत असेल तर तो १८८४नंतरचा. आणि सगळ्या रेषा सरळ, उभ्या, आडव्या नि तिरप्या असतील, तर तो नकाशाकार हॅरी बेकच्या पद्धतीचा, म्हणजे १९३३नंतरचा. एवढं पाठ असलं की बाजारात कुणी फसवू शकत नाही.

खरं तर कागद विकत घ्यायची गरजच नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर १८९०च्या दशकातले लंडनचे सर्वेक्षण नकाशे फुकट आहेत, मैलाला पाच फूट या मापाचे. आजच्या नकाशावर जुना ठेवून पारदर्शक करत नेता येतो. घरांच्या भिंती, बोळ, रेल्वेचे उघडे चर, सगळं दिसतं. फोनची बॅटरी मात्र दुपारपर्यंत संपते, पॉवर बँक हवीच.

आता चालण्याबद्दल. पॅडिंग्टनला भुयारी रेल्वेची दोन ठिकाणं आहेत आणि माझी पाऊण तासाची फेरी तिथेच वाया गेली. प्रेड स्ट्रीटच्या बाजूचं, सर्कल आणि डिस्ट्रिक्ट मार्गाचं सुंदर स्थानक १८६८चं. ते आपलं नव्हे. १८६३चं बिशप्स रोड म्हणजे मुख्य स्थानकाच्या उत्तर टोकाला, हॅमरस्मिथ अँड सिटी मार्गाचे फलाट जिथे आहेत ती जागा. जुनं काही उरलेलं नाही. जागा बघा आणि निघा.

पुढचा बेकर स्ट्रीट ते किंग्ज क्रॉस हा टप्पा पायी करू नका. पुन्हा सांगते, करू नका. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण मेरिलबोन रोड आणि युस्टन रोड म्हणजे अखंड वाहनं, धूर, सिग्नलला उभं राहणं आणि त्या दिवशी वरून तिरपा पाऊस. मी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढले आहे. तिथे एवढी थकले नव्हते. आणि बघायला काय? काहीच नाही, कारण रेल्वे बरोब्बर तुमच्या पायाखाली आहे. हा रस्ता १७५६चा 'न्यू रोड', मुळातच रुंद. कंपनीने घरं विकत घेऊन पाडण्यापेक्षा रस्ताच खणला. चर खोदायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, वर विटांची कमान, त्यावर माती आणि पुन्हा रस्ता. सगळं झाकलं गेल्यावर वरून दिसणार काय? हा टप्पा गाडीनेच करा. तेच खरं दर्शन. किंग्ज क्रॉसलाही फार शोधत बसू नका, मूळ स्थानक आजच्या जागी नव्हतं. सध्याच्या जागी ते १९४१ साली आलं.

बेकर स्ट्रीट मात्र चुकवू नका. तिथेही एक फसगत आहे: 'मेट्रोपॉलिटन' असं नाव लागलेले १ ते ४ फलाट नंतरचे आहेत. १८६३चे फलाट ५ आणि ६. उघड्या विटांची प्रचंड कमान, बाजूंना तिरप्या खाचा. याच खाचांमधून वरच्या रस्त्याचा उजेड आणि हवा खाली यायची. आता त्यांत विजेचे दिवे आहेत. १९०५च्या सुमारास वीज येईपर्यंत इथे वाफेची इंजिनं धावत होती. मी बाकावर बसले, बूट सैल केले आणि सात-आठ गाड्या जाऊ दिल्या. हातात जुनं चित्र होतं, समोर तीच कमान. अंगावर काटा आला. थकवा कुठल्या कुठे गेला. रविवारी सकाळी जा, गर्दी कमी असते.

जुन्या छायाचित्रांबद्दल एक गोष्ट मला तिथे बसल्यावर नीट कळली. उघड्या वाघिणींत टोप्या घातलेली माणसं बसली आहेत, असा एक फोटो मला 'उद्घाटनाचा' म्हणून कुणीतरी पाठवला होता. तो उद्घाटनाचा नाही. २४ मे १८६२चा आहे, काम चालू असतानाच्या पाहणीचा, आणि त्यात तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री ग्लॅडस्टन बसले आहेत. बोगद्याच्या आतले तेव्हाचे फोटो शोधत होते तर मिळेनात. मिळणार कसे? त्या काळी फोटो काचेवर घेत, त्या काचेला भरपूर उजेड आणि स्थिर दृश्य लागायचं, आत गॅसचे दिवे आणि धूर. म्हणून फोटो उघड्या चरांचे, आणि बोगद्याच्या आतलं जे दिसतं ती चित्रकारांनी काढून ठोकळ्यावर कोरलेली चित्रं. बांधकामाचे खरे उत्तम फोटो हेन्री फ्लॅदरचे, पण ते पुढच्या, डिस्ट्रिक्ट रेल्वेच्या कामाचे, १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धातले. ते लंडन म्युझियमच्या संग्रहात आहेत. जुन्या प्रवासपुस्तकावर विसंबून मी लंडन वॉलच्या इमारतीपाशी गेले; ती डिसेंबर २०२२मध्येच बंद झाली आहे. संग्रहालय स्मिथफील्डच्या जुन्या बाजारात हलतंय, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

दुसरा दिवस सोपा गेला. कोव्हेंट गार्डनच्या वाहतूक संग्रहालयात १८६६चं २३ नंबरचं इंजिन आहे, ते बघाच. बेझवॉटरला लेन्स्टर गार्डन्समधली २३ आणि २४ नंबरची घरंही बघा: खिडक्या रंगवलेल्या, दारामागे घर नाही, नुसती भिंत. वाफ सोडायला तिथे रेल्वेला मोकळं आकाश हवं होतं. मागून, पोर्चेस्टर टेरेसवरून बघितल्याशिवाय कळत नाही.

शेवट फॅरिंग्डनला करा. किंग्ज क्रॉसनंतर रेल्वे दक्षिणेला वळून फ्लीट नदीच्या खोऱ्यात शिरते. इथे रुंद रस्ता नव्हता, गरिबांची घरं पाडली गेली. नदी तेव्हाच गटार झाली होती, आणि जून १८६२मध्ये ते गटार फुटून चालू कामात पाणी घुसलं. ज्यांनी वर्षानुवर्षं या रेल्वेसाठी झगडा केला ते चार्ल्स पिअर्सन त्याच सप्टेंबरात वारले. गाडी धावलेली त्यांनी बघितली नाही. स्थानकातून बाहेर पडून रे स्ट्रीटवर या. 'द कोच' नावाच्या पबसमोर रस्त्यात एक लोखंडी जाळी आहे. वाहनं बघून, रस्ता मोकळा असेल तेव्हाच वाका. पावसानंतर गेलात तर उत्तम. मी भिजलेल्या बुटांनी तिथे पोचले, कान लावला, आणि खालून फ्लीटचं पाणी धो धो वाहताना ऐकलं.