नदीचं पात्र

मंगळवार, रात्री उशिरा

माझी कथा वाचून झाल्यावर मैत्रिणीने पानं खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "यातली नदी काढून टाकली तर काय बिघडेल गं?"

मी गप्प. दोन भावांच्या वाटणीची कथा आहे. नदी पहिल्या पानावर येते, मग मध्ये एकदा चांदणं पडायचं म्हणून येते, आणि धाकट्याला शेवटी कुठेतरी बसायला हवं म्हणून येते. तिच्या जागी टेकडी टाकली, तळं टाकलं, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन टाकलं, तरी भाऊ भांडायचे तसेच भांडतील. मी म्हटलं, "वातावरणनिर्मिती असते ती." ती म्हणाली, "म्हणजे फुकट राबवलेली नदी."

झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

तेव्हापासून एक शब्द डोक्यात घोळतोय. नदी ज्या खोलगट वाटेने वाहते ते पात्र. नाटकात रंगमंचावर येतं तेही पात्र. भांडंही पात्र आणि लायक माणूसही पात्र. माझ्या कथेतल्या नदीला पात्र आहे, पण ती पात्र झालेली नाही.

बुधवार

"काढून बघ" ही परीक्षा आज दिवसभर भेटेल त्या पुस्तकाला लावत बसले. हातातलं काम तसंच राहिलं, ते असो.

'मेघदूत'. ढग काढला की उरतो एक रडवा यक्ष. पण गंमत म्हणजे कालिदासाला ही शंका आधीच सुचली होती. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचं गाठोडं ते, निरोप काय पोचवणार? सुरुवातीच्याच श्लोकांत तो हे स्वतः विचारतो आणि स्वतःच सांगून टाकतो, की प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव काय आणि निर्जीव काय, फरकच उरत नाही. ढग ढगच राहतो. त्याला भूमिका मिळते ती यक्षाच्या गरजेतून. चेतनगुणोक्ती हा अलंकार शाळेत आपण दोन गुणांसाठी पाठ केला. समोर दुसरं कोणी नसलं की माणूस ढगाशी बोलतो, हे काही त्या व्याख्येत बसलं नव्हतं.

मग 'प्रबोधचंद्रोदय'. अकराव्या शतकातलं कृष्णमिश्राचं संस्कृत नाटक. तिथे उलटाच मामला: कल्पनाच अंगरखे घालून रंगमंचावर आलेल्या. विवेक राजा आहे, समोर महामोह. दंभ, अहंकार, काम, सगळे बोलतात, कारस्थानं करतात. बाकीचं तत्त्वज्ञान मी वाचलं ते मन लावून, पण मनात घर केलं एकाच प्रसंगाने: शांती आपल्या हरवलेल्या आईला, श्रद्धेला, शोधत फिरते. क्षणभर विसरायलाच होतं की या दोघी विचार आहेत. आई हरवलेली मुलगी, बस. म्हणजे विचाराला नुसतं नाव देऊन भागत नाही, त्याला कुणीतरी नातेवाईक लागतो.

गुरुवार

ढगाला, विचाराला भूमिका मिळते, तसं समाजातही चालतं का, यावर आज अडले. कागदावर तरी लेखक भूमिका वाटून देतो. बाहेर कोण देणार?

१ नोव्हेंबर १७५५ची, पोर्तुगालच्या राजधानीतली, लिस्बनची सकाळ आठवली. सर्व संतांचा सण, चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला. माणसं मोकळ्या जागेसाठी पाण्याकडे धावली, तर समुद्र आत घुसला. कलंडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आगी लागल्या, त्या काही दिवस धुमसत होत्या. त्या काळात युरोपात एक विचार चांगला मुरलेला होता: जे जग संभवतं त्यातलं हे सर्वांत उत्तम जग आहे. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने आधी भूकंपावर कविता लिहिली आणि १७५९मध्ये 'कांदीद' हे उपरोधिक कथानक आणलं. त्यात हा विचार पांग्लॉस नावाचा मास्तर होऊन येतो आणि लिस्बनच्या ढिगाऱ्यांतही सगळं ठीक असल्याचं पटवत राहतो. भूकंपाने विचाराला तडा दिला म्हणतात, पण दगडमाती कुणाशी वाद घालत नसते. तडा दाखवायला एक तिरकस माणूस लागला.

पण मला व्हॉल्तेअरपेक्षाही जवळचे वाटतात ते प्रश्न. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळात गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली गेली: धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? किती घरं पडली? तोवर बहुतेकांच्या लेखी भूकंपाला एकच भूमिका होती, देवाच्या रागाची. आता त्याच्याकडून जबाब घ्यायला सुरुवात झाली. साक्षीदार म्हणून का होईना, निसर्ग एकदाचा माणसांच्या दप्तरात आला.

शुक्रवार

आज नद्यांची कोर्टकचेरी. न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीला २०१७मध्ये कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. तिथले मूळचे रहिवासी, माओरी लोक, १८७०च्या दशकापासून या नदीवरच्या आपल्या हक्कासाठी झगडत होते. 'मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी' असं त्यांच्याकडे म्हणतातच. नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली जातात, एक सरकारकडून, एक माओरींकडून. थोडं हसू आलं. इतकी मोठी नदी, तिलाही शेवटी माणसाचंच तोंड उसनं घ्यावं लागलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही असाच दर्जा दिला. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्य सरकारच्या अडचणींत एक अशी होती: पुरात नुकसान झालं तर भरपाई कोणाकडे मागायची? प्रश्न वकिली वाटतो, पण कथाकाराने तो चोरावा असा आहे. पात्र म्हटलं की त्याच्या हातून काही घडतं, आणि घडलं की त्याला जाब विचारता येतो. माझ्या कथेतल्या नदीच्या हातून काय घडतं? चांदणं पडतं. तेही चंद्राचं.

रविवार

सापडलं बहुधा.

नदी हीच हद्द असेल आणि नदीच सरकली तर? यावर रोमन काळापासून चालत आलेला नियम आहे. पाणी वर्षानुवर्षं एक काठ कुरतडत, दुसऱ्या काठावर गाळ टाकत हळूहळू सरकलं, तर हद्द त्याच्याबरोबर सरकते. पण पुरात एका झटक्यात प्रवाहाने वाट बदलली, तर हद्द जुन्या जागीच राहते, कोरड्या वाळूत. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामध्ये रिओ ग्रांदे आहे. १८४८च्या तहाने ती हद्द ठरली आणि मग ती दक्षिणेकडे सरकत राहिली. १८६४मध्ये मोठा पूर आला. चामिझाल नावाचा एक तुकडा अमेरिकेच्या बाजूला गेला आणि दोन देश त्यावरून वाद घालत बसले. १९११मध्ये लवादाने सांगितलं की १८६४च्या पुराआधीचं सरकणं हळूहळू झालं आणि त्या पुरातलं अचानक, त्यामुळे जमीन वाटून घ्या. अमेरिकेने ते मानलं नाही. तोडगा निघाला १९६३ साली, आणि मग नदीला सिमेंटच्या पाटात बसवण्यात आलं. तिने पुन्हा मनाला येईल तशी भूमिका बदलू नये म्हणून असणार!

चांदणं पहिल्या सपाट्यात खोडलं. धाकट्याचं काठावर बसणंही गेलं. आता बापाने मरताना नदी ही हद्द ठरवून दिली आहे, अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. बापाला नदीवर विश्वास होता. मुलांवर तेवढा नसावा. आणि नदी सरकली आहे.

थोरला म्हणतो, ती वीस वर्षं इंचाइंचाने येत होती, मी रोज बघत होतो. धाकटा म्हणतो, एका रात्रीत आली, त्या पुराच्या रात्री मी जागा होतो.

मैत्रिणीला फोन करून एवढं सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आणि खरं कोण बोलतोय?"

मला अजून माहीत नाही. उद्या पहिलं पान पुन्हा लिहायला घेते.