गोकाक, करदंट आणि दोन बेवारशी पिशव्या

मार्चमध्ये गोकाकचा धबधबा बघायला निघालो म्हटलं की बेळगावात लोक वेड्यात काढतात. घटप्रभेला पाणी नसतं. 52 मीटरच्या कड्यावरून दोन-चार धारा तेवढ्या लोंबत असतात. पण माझ्या मावसभावाला पाणी नकोच होतं. तो पुण्याचा, भूशास्त्र शिकलेला, हिमाचलातल्या स्पीतीच्या चुनखडकांत दोन उन्हाळे काढलेला. "पावसाळ्यात दगड दिसत नाही रे, नुसता लोंढा दिसतो," म्हणाला. (आमच्याकडे लोंढा म्हणजे आधी जंक्शन, हे त्याला मी सांगितलं.)

कड्यावर ऊन तापायच्या आत पोचलो. गुलाबी, करडे थर वह्या रचून ठेवाव्यात तसे एकावर एक. एका लादीवर हात फिरवला तर बोटांना बारीक बारीक वळ्या लागल्या. उथळ पाण्याखालच्या वाळूवर लाटांनी उठवलेल्या त्या वळ्या तशाच दगड झाल्या होत्या. मला वाटलं, एवढ्या जुन्या वाळूत सूक्ष्मजीवाश्मांची रासच असेल. भाऊ हसला. "इथं भिंग काढायची गरज नाही."

हा कलादगी नावाच्या थरांमधला खडक. टणक कवचाचे प्राणी पृथ्वीवर पसरले ते साधारण 54 कोटी वर्षांपूर्वी; ही वाळू त्याच्या कितीतरी आधी साचली. सौंदत्तीच्या डोंगराचा गारगोटीसारखा दगड तर 100 कोटींच्याही पलीकडचा. यल्लम्माला 'उदो गं आई उदो' म्हणत आपण ज्या पायऱ्या चढतो, त्यांच्या खालच्या खडकात शिंपला नाही, दात नाही, हाड नाही. त्या काळातल्या काही सूक्ष्म जीवांची सेंद्रिय वेष्टनं बारीक चिखलाच्या खडकात टिकतात, पण ते जीव इतके सावकाश बदलले की त्यांच्यावरून वय सांगणं म्हणजे पागोट्यावरून शतक सांगणं.

स्पीतीत मात्र उलट. तिथं कोनोडॉन्ट मिळतात, म्हणजे बामसारख्या एका समुद्री प्राण्याच्या तोंडातले मिलिमीटरभर दातेरी तुकडे. ते फॉस्फेटचे असल्यामुळे चुनखडक पातळ अॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लात, विरघळत ठेवला की दगड जातो आणि दात उरतात. हिंडिओडस पार्व्हस नावाची जात ज्या थरात पहिल्यांदा दिसते तिथून ट्रायासिक काळ सुरू झाला असं जगभर धरतात. चीनमधल्या मेशानच्या त्या थराचं वय सुमारे 25.2 कोटी वर्षं. हिमालयात थर कितीही दुमडू देत, उलटेपालटे होऊ देत, दात खोटं बोलत नाहीत.

आमच्या वाट्याला असलं काही नाही का? आहे, पण डोंगरात नाही, डोंगराच्या कडेला. गोकाकच्या आसपास बेळगावचा काळा ट्रॅप, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, पातळ होत येतो. लाव्हाचे लोट एका दमात आले नाहीत. मधल्या विसाव्यात तळी साचली, गाळ बसला आणि पुढच्या लोटानं त्यावर झाकण घातलं. असा हातभर पांढुरका थर एका बांधात उघडा पडलाय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, शेतमालकाला उगाच त्रास नको.

भाऊ ओणवा होऊन खरवडत असताना मालक आले. "एन हुडकाक हत्तीरि?" भावाला कन्नड शून्य, पण 'हुडकाक' बरोबर पकडलं. आपलं हुडकणं आणि त्यांचं हुडुकणं एकच की. "बारीक शिंपले हुडकतोय, मामा." मामा मराठीवर आले. "मला वाटलं बोअरचं पाणी बघायलासा. मग म्हटलं, हातात नारळ कसा न्हाई?"

परतताना गोकाकात करदंट घेतलं. डिंकाचं, चिवट, दाढेला चिकटणारं. एसटीत बसून ते चघळताना भावानं रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. याच भागात नदीच्या गाळात त्याला गेंड्याची हाडं सापडली आणि 1874 मध्ये त्यानं त्या गेंड्याला 'डेक्कनेन्सिस' नाव दिलं. घटप्रभेकाठी गेंडा! दोन वर्षांनी त्याचा या मुलखावरचा अहवाल आला, त्याच्या नावातच 'साउथ मराठा कंट्री' आहे. सीमावादात हे कागद कुणी पुढे केलेत का, ठाऊक नाही.

घरी रात्रभर माती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घातली. सकाळी बारीक चाळणीवर नळाखाली धुतली, वाळवली आणि काळ्या कागदावर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तीन शून्यांचा ब्रश, टोक जिभेवर ओलं करायचं आणि एकेक कण टिपायचा. पंखा बंद. तासाभरात दोन ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन शिंपल्यांत राहणारे बारीक जलजीव, मिळाले, शेंगदाण्याच्या फोडीसारखे. आणि कारा नावाच्या पाणशेवाळाची एक बी: खसखशीच्या दाण्याएवढी, पाच पिळांची, कुणीतरी सुतळी गुंडाळून ठेवल्यासारखी. मी अर्धा तास तिच्यावरून डोळा काढला नाही.

"मग वय किती?" मी विचारलं.

"हे गोड्या पाण्यातले. तळं होतं एवढं सांगतील. नेमकं वय समुद्रातले सांगतात." फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचवाले एकपेशी जीव, समुद्रभर तरंगत पसरतात आणि भराभर बदलतात, म्हणून. आंध्रात राजमहेंद्रीजवळ समुद्राचा गाळ लाव्हाच्या दोन लोटांमध्ये सापडला. त्यातले फोरॅमिनिफेरा डायनासोर संपल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यातले निघाले. गर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ते छापलं. म्हणजे खालचा लोट त्या टप्प्याच्या, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या, अलीकडे येऊ शकत नाही.

मग त्यानं माझ्या पिशव्या मागितल्या. थराच्या तळाची एक आणि माथ्याची एक, मी स्वतः भरल्या होत्या.

"यातली वरची कुठली?"

दोन्ही पिशव्या सारख्याच. मी चिठ्ठीच घातली नव्हती. तो काहीच बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. या कामात खालचं कुठलं नि वरचं कुठलं यावरच सगळं उभं असतं. ती माती दुसऱ्या दिवशी आईनं तुळशीत घातली.