सात वर्षं बंद राहिलेला घाट

जत्रेच्या माळावर चढत जाणारा मातीचा पट्टा, दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतील असे बांध, खालच्या टोकाला गाडे जुंपायची मोकळी जागा आणि वरच्या टोकाला निशाणाची रेघ. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर भागातला बैलगाडा शर्यतीचा घाट दिसायला एवढाच. एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे जुकाटाची जोडी, मागे गाड्यालगत धुरेची जोडी, आणि शर्यत घड्याळाशी. चांगला गाडा साडेअकरा-बारा सेकंदांत बारी, म्हणजे खालून वरपर्यंतची एक धाव, मारतो. त्या बारा सेकंदांसाठी बैल वर्षभर सांभाळतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. घाटही तसाच वर्षभर सांभाळावा लागतो, आणि तो कोण सांभाळायचं हे घाट बंद पडल्यावर कळतं.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण तीही कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि गावोगावी अर्जांची धांदल उडाली. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, ५० हजार रुपयांची अनामत, बैलांची वैद्यकीय तपासणी, धावपट्टी १,००० मीटरच्या आत, बैलांना पुरेशी विश्रांती. माझं काम पशुवैद्यकाचं, म्हणजे बैल तपासून दाखला देण्याचं. पण २०२२च्या चैत्रात ज्या घाटावर गेलो, तिथे बैलांच्या आधी जमीनच तपासावी लागली.

तो घाट भर जत्रेत पाहिलेल्यांना त्या दिवशी ओळखू आला नसता. एके काळी पहाटेपासून टेम्पोंची रांग लागायची, चिठ्ठ्या निघून क्रम लागायचा, भंडाऱ्याने बांध पिवळा व्हायचा, गाड्यापुढे घोडी पळायची आणि भोंग्यावरचं ‘भिर्रर्र... झाली!’ शेजारच्या गावात ऐकू जायचं. सात वर्षांत बांधांवर वेडी बाभूळ माजली होती. मधल्या पट्ट्यात पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी केली होती, खाली कडब्याच्या गंजी होत्या. वरच्या माळाचं पाणी सात पावसाळे घाटातूनच वाहत होतं, कारण ते बाजूला काढणारा चर गाळाने भरला होता. पट्ट्याच्या डाव्या अंगाला त्या पाण्याने गुडघाभर ओघळ पाडली होती.

आम्ही पोचलो तेव्हा जत्रेच्या कमिटीच्या पोरांनी जीव ओतून काम केलेलं दिसत होतं. बाभळी तोडून खुंट उपटले होते, ओघळ बुजवली होती, वर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. वरवर पाहता घाट तयार होता. गावातले एक म्हातारे आण्णा, ज्यांनी बंदीआधी घाटाचं काम पाहिलं होतं, ते हातात पहार घेऊन पट्ट्यावरून चालत होते. दर दोन पावलांवर पहार आपटायची आणि कान द्यायचा. ओघळीच्या जागेवर थांबून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, इथं आवाज बद्द येतोय. खाली पोकळ आहे.”

पहार जोराने मारली तर हातभर आत गेली. जेसीबीने सगळी माती एकदम ढकलली होती, तीही शेताकडची काळी. रोलरचा दाब वरच्या वीतभर थराला बसतो, खालची माती भुसभुशीतच राहते. वर कडक पापुद्रा, खाली मऊ, म्हणजे उघड्या खड्ड्यापेक्षा वाईट. खड्डा दिसला तर बैल बिचकून पाय चुकवतो. हा दिसतच नाही.

चढावर बैल मागच्या पायांनी रेटतो आणि सगळा भार खुरांच्या टोकांवर येतो. भर वेगात मागचा एक पाय चार बोटं जरी रुतला, तरी खुरावरचा सांधा मुरगळतो, नाहीतर गुडघ्याची वाटी सरकते. तेवढ्यावर भागत नाही. जोडीतला दुसरा बैल ओढतच असतो आणि दोघांच्या माना एकाच जुवाला बांधलेल्या असतात, म्हणून पडणारा आपल्या जोडीदारालाही खाली घेतो. मागून धुरेची जोडी आणि गाडा येतच असतो. जुकाटाचा बैल पडला तर चौघांवर बेतते.

आण्णांनी सांगितलं तसं काम पुन्हा सुरू झालं. भरलेली माती घट्ट तळ लागेपर्यंत उपसून काढली. ओघळीच्या कडा तिरप्या न ठेवता पायऱ्यांसारख्या छाटल्या, म्हणजे नवा भराव जुन्या जमिनीत अडकून बसतो आणि उतारावर घसरत नाही. काळी माती बाद केली. ती वाळली की भेगाळते आणि भिजली की निसरडी होते. तिच्या जागी तांबूस मुरूम, थोडी चिकण असलेला. सहा इंचांचा एक थर, त्यावर पाणी, मग धुमसाने, म्हणजे माती चोपायच्या जड ठोकळ्याने, ठोकणं, मग पुढचा थर. पाणी किती, हे मुठीत कळतं. मूठ आवळल्यावर गोळा झाला पाहिजे आणि तो कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर पाणी कमी, पडून चपटा झाला तर जास्त. शेवटचा थर चाळलेल्या बारीक मुरमाचा. त्यातले गोटे पोरांनी ओळीने बसून हाताने वेचले. रुतून बसलेल्या टोकदार दगडापेक्षा सुटा गोल गोटा घातक, कारण तो खुराखाली फिरतो. धूळ बसवायचं पाणीही आदल्या संध्याकाळी हलकं मारायचं. सकाळी मारलं तर वरचा थर निसरडा राहतो.

हे चाललेलं असताना निशाणाच्या पलीकडे गेलो. बैल रेघेवर थांबत नाही, त्याला वेग मोडायला पुढे मोकळं रान लागतं. पूर्वी तिथे पडीक माळ होता. बंदीच्या वर्षांत तिथे कांदा लागला होता आणि आडवं काटेरी तारेचं कुंपण आलं होतं. कमिटीचा बेत तार सोडून जमिनीवर पाडून ठेवायचा होता. ते चालणार नाही म्हणून सांगितलं. पडलेली तार पायात गुंतते आणि कातडीसकट शीर कापते. त्या शेतकऱ्याने एका शब्दावर डांब उपटून दिले, तार गुंडाळून घरी नेली. कांदा निघालेला होता, हे बरं झालं.

मग बैल. खिल्लार जास्त, काही म्हैसुरी. अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हवं आणि ते सावलीत उभं केल्यावर घ्यायचं, टेम्पोतून उतरवल्याबरोबर घेतलं तर वाढलेलंच दिसतं. डोळ्याची आतली त्वचा गुलाबी हवी. खांद्यावर जू बसतं तिथे तळवा दाबून पाहायचा, बैलाने कातडी थरथरवली किंवा मान चोरली तर आतून सूज आहे. खुरांच्या बेचक्यात बोट घालायचं. मग कडक जमिनीवर सरळ चालवून दोन्ही बाजूंना लहान घेरात वळवायचा. सरळ चालताना लपलेला लंगडेपणा वळताना उघडा पडतो. एकाचा खांदा दुखरा निघाला. दुसऱ्याचे डोळे फिकट होते, शेपटीखाली गोचिडं आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली. अंगात रक्त कमी असलेला बैल चढावर छाती फुटेपर्यंत पळेल, पण मालकाच्या मायेने, स्वतःच्या ताकदीने नव्हे. दोघांना दाखला दिला नाही. फिकट डोळ्यांच्या बैलाचा मालक बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, “औषध कुठलं द्यायचं, दादा?”

सगळ्यात मोठी अडचण दाखल्यात लिहिता येणारी नव्हती. घाट ठाऊक असलेले बैल एक तर म्हातारे झाले होते किंवा राहिले नव्हते. दावणीला होते ते सगळे नवे, आणि जुंपणारी पोरंही नवी. बांधावरची गर्दी, भोंगा, दोन्हीकडून येणारा आवाज यातलं त्या बैलांनी काहीच पाहिलं नव्हतं. असा बैल बिचकून बांधावर चढला तर माणसं तुडवली जातात. यावर आण्णांनीच तोड काढली. गावात एक थकलेला जुकाटाचा बैल होता, बंदीआधी या घाटात पळालेला. त्याला कासऱ्यावर धरून घाटातून वर चालवला आणि नव्या जोड्या मोकळ्या, गाड्याविना, एकामागून एक त्याच्या मागे नेल्या. पहिल्यांदा शांततेत, दुसऱ्यांदा भोंगा लावून. म्हातारा बैल निशाणापाशी आल्यावर कुणी न सांगता पावलं उचलून चालायला लागला, तेव्हा बांधावरच्या बायामाणसांनीही टाळ्या पिटल्या.

ट्रॅक्टरच्या दिव्यांत धुमसाने ठोकणं चालू राहिलं. निघण्याआधी पहार पुन्हा त्याच जागी मारली. बोटभर गेली आणि टणकन वाजली. परवानगीच्या कागदांवर सह्या झाल्या त्या त्यानंतर.

वरच्या माळाचा चर मात्र तेव्हा अर्धाच उपसून झाला होता. जत्रा संपल्यावर, मृगाच्या आत, तो पूर्ण करायचं ठरलं. चार फूट रुंद, दोन फूट खोल, घाटाच्या वरच्या अंगाने आडवा, आणि त्याची माती घाटाच्या बाजूला बांधासारखी रचायची. पट्टा उघडाच ठेवायचा, गवत लावायचं ते फक्त बांधांवर. पहिल्या मोठ्या पावसानंतर कुणी तरी वर जाऊन चरातून पाणी वाहतंय का ते बघायचं, हे काम कमिटीने एका घराकडे नेमून दिलं आहे.